व्याख्यानाला माणसं हवीत? आधी पिशव्या मागवा

नमस्कार ताई,

तुमची अडचण थोडक्यात अशी: कोथरूडमधल्या चार सोसायट्यांनी मिळून बागप्रेमींचा गट केला आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ६४ जण आहेत, पण महिन्याच्या व्याख्यानाला आठ-नऊच येतात आणि तेही दर वेळी तेच. दोन सहली ठरवल्या. एकीला आयत्या वेळी गळती लागली आणि ती रद्द झाली. दुसरीत रोपवाटिकेत उतरल्याबरोबर सगळे खरेदीला पांगले आणि बस दीड तास खोळंबली. आता तुम्ही विचारताय, मोठ्या नावाचे पाहुणे बोलवावेत का, आणि हजेरीची काही अट घालावी का?

मी सहकारनगर भागात असाच गट गेली १८ वर्षं चालवते आहे. त्या अनुभवावरून सांगते, अट घालू नका. हौसेने येणारी माणसं अटीने येत नाहीत, उलट जी येतायत त्यांचाही विरस होतो. मोठं नाव वर्षातून एकदा जरूर बोलवा, गटाला आनंद होतो. पण त्या दिवशी पन्नास जण येतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नऊवर याल. आम्ही हे दोनदा अनुभवलं.

तुमच्या गटातल्या प्रत्येकाला घरी काहीतरी सतावतंय. कुणाची जास्वंद कळ्या गाळते, कुणाचा मोगरा नुसता पाल्यावर गेलाय, कुणाच्या कंपोस्टच्या डब्याला वास मारतोय. आणि कार्यक्रमात त्या अडचणीला कुठे जागाच नाही. व्याख्यानाचा विषय पाहुणे ठरवतात, सहलीचं ठिकाण कुणीतरी सुचवतं म्हणून ठरतं. मग रविवारची सकाळ मोडून यायचं कशासाठी, हे माणसाला कळत नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे.

मला हे तिसऱ्या वर्षी उमगलं. आम्ही मातीविना शेतीवर एक व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते अभ्यासू होते, पडद्यावर फोटो सुंदर होते, पण विषय होता पॉलिहाऊसमधल्या मोठ्या उत्पादनाचा आणि समोर बसलेल्या बहुतेकांकडे गॅलरीत दहा-पंधरा कुंड्या. दीड तासानंतर प्रश्नांना पाच मिनिटं उरली. पहिल्या रांगेत एक आजी हातात दुधाची धुतलेली पिशवी घेऊन शेवटपर्यंत बसल्या होत्या. पिशवीत जास्वंदीची फांदी होती. त्यांनी हात वर केला, तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं.

हॉल रिकामा करायचा होता म्हणून आम्ही जिन्यात आलो आणि तिथे मी आजींना पिशवी उघडायला सांगितली. फांदीच्या शेंड्याला, कळ्यांच्या देठांशी कापसासारखं पांढरं चिकटलेलं, आणि त्यावरून मुंग्यांची ये-जा. आजी त्याला बुरशी समजत होत्या आणि पंधरा दिवस पाणीच कमी करत होत्या. तो पिठ्या ढेकूण होता. आमच्यातल्या एका काकांनी तिथेच सांगितलं: शेंडा कापून पिशवीत बंद करून टाका, बाकीच्या फांद्यांवर पाण्याचा जोरात फवारा मारून कीड धुऊन काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. आणि मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिला सांभाळतात आणि एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. बघता बघता जिन्यात अकरा जण उभे राहिले. अर्धा तास कुणी हललं नाही. व्याख्यानात न दिसलेली उत्सुकता मला तिथे, त्या पायऱ्यांवर दिसली.

पुढच्या महिन्यापासून आमची बैठक पिशव्यांनी सुरू होते. ज्याला जे सतावतंय त्याने त्या झाडाचं पान, फांदी, मूठभर माती किंवा निदान फोटो आणायचा. टेबलावर पांढरा कागद अंथरतो आणि पहिली वीस मिनिटं फक्त तेवढंच. एक काळजी मात्र घ्या: पिशवी पारदर्शक आणि तोंड घट्ट बंद केलेली हवी, आणि ती हॉलमध्ये शक्यतो उघडायची नाही. पिठ्या ढेकूण, पांढरी माशी एका घरातून दहा घरांत जायला वेळ लागत नाही. नंतर तो नमुना घरच्या कंपोस्टमध्येही टाकायचा नाही.

या पिशव्यांचा दुसरा उपयोग पाहुण्यांसाठी होतो. पाहुणे ठरले की दहा दिवस आधी मी त्यांना एक पानभर पत्र पाठवते. त्यात आमच्या सभासदांचे सहा-सात प्रश्न त्यांच्याच शब्दांत असतात आणि आमची परिस्थिती लिहिलेली असते: बहुतेकांकडे गॅलरी, ऊन सकाळचं दोन-तीन तास, उन्हाळ्यात पाणी टँकरचं किंवा बोअरचं, निम्म्या कुंड्या १२ इंची. शेवटी विनंती असते की ४० मिनिटं बोला आणि तेवढाच वेळ प्रश्नांना ठेवा. या पत्रामुळे व्याख्यानाचं रूपच बदलतं. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर का धरतो आणि पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या का राहतात, हे विचारलं तर मृदाशास्त्राचा माणूस त्यावर तासभर बोलू शकतो आणि ऐकणारा पुढे सरकून बसतो. तोच माणूस “मातीचे आरोग्य” या विषयावर बोलला तर सभासद घड्याळाकडे बघतात.

पाहुणे कुठून आणायचे? पुण्यात राहणाऱ्यांनी याची चिंता करू नये. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय आहे, मांजरीला द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, कोरेगाव पार्कच्या बाजूला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, शिवाय कॉलेजांतून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले कितीतरी प्राध्यापक आहेत आणि त्यांना बोलायला आवडतं. पण यादीत फक्त पदव्या असलेली माणसं ठेवू नका, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आमच्या गटात आजही आठवण निघते ती सोलापूर रस्त्याच्या बाजूने आलेल्या एका कलम बांधणाऱ्या भाऊंची. उरुळी कांचनच्या पट्ट्यात रोपवाटिका पुष्कळ आहेत, तिथे गुलाबावर डोळे भरण्याचं, म्हणजे चांगल्या गुलाबाचा अंकुर दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर बसवण्याचं काम ते करायचे. भाषण करायचं म्हटल्यावर त्यांनी नाही म्हटलं. मी सांगितलं, बोलू नका, फक्त काम करा, आम्ही भोवती उभे राहतो. जानेवारीचे दिवस होते. त्यांनी बरोबर जंगली गुलाबाचे खुंट आणले होते. खुंटावरचे काटे अंगठ्याने बाजूला दाबून काढले, चाकूने आधी आडवी आणि मग तिच्यातून खाली उभी चीर दिली आणि चाकूच्या मागच्या टोकाने साल दोन्हीकडे अलगद उचकटली. मग चांगल्या गुलाबाच्या फांदीवरून एक डोळा ढालीच्या आकारात काढला, चिरेत वरून खाली सरकवला आणि प्लास्टिकची पट्टी खालून वर गुंडाळली, डोळा तेवढा उघडा ठेवून. मिनिटभराचंही काम नसेल. दुसऱ्या खुंटाच्या वेळी कुणीतरी विचारलं, “साल उचलली जात नसेल तर?” भाऊ म्हणाले, “मग आज नाही भरायचा. दोन दिवस पाणी द्या, साल सुटली की भरा.” अशा वाक्यासाठी माणूस पुन्हा येतो. त्या दिवशी सभासदांनी १२ खुंट भरले, घरी नेले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घेऊन आले. सात डोळे हिरवे होते. त्या बैठकीला आधीच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त माणसं होती, कारण प्रत्येकाला आपला डोळा दाखवायचा होता.

मानधनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. शाल आणि श्रीफळावर खर्च करू नका. ते पैसे पाकिटात घाला, जाण्या-येण्याचा खर्च वेगळा द्या, आणि प्राध्यापकांना जेवढं द्याल तेवढंच कलम बांधणाऱ्याला आणि सोसायटीच्या माळीकाकांना द्या. आणि फुकट यायला तयार असलेल्या खतविक्रेत्यापासून सावध राहा. त्याला बोलवायला हरकत नाही, पण विक्री कार्यक्रम संपल्यावर, बाहेरच्या टेबलावर, हे आधी स्पष्ट ठरवून घ्या. एकदा आम्ही ते ठरवलं नव्हतं आणि पूर्ण तास एका बाटलीच्या गुणवर्णनात गेला. नंतर दोन महिने हजेरी घसरली होती.

आता सहली. इथे बरंच काही तुमच्या माणसांवर अवलंबून आहे. गटात नोकरी करणारे जास्त असतील तर रविवार सकाळशिवाय पर्याय नाही. निवृत्त मंडळी जास्त असतील तर आठवड्यातला मधला दिवस उत्तम, गर्दी नसते. गुडघेदुखीवाले असतील तर आधी स्वच्छतागृह आणि बसायची जागा बघून यायची, मग ठिकाण जाहीर करायचं. मी स्वतः जाऊन आल्याशिवाय एकही सहल काढत नाही.

सर्वात कमी खर्चाची आणि सर्वात जास्त माणसं जोडणारी सहल म्हणजे एकमेकांच्या घरच्या बागा बघणं. एका सकाळी तीन घरं, शक्यतो पायी जाता येतील अशी, प्रत्येक घरी ४० मिनिटं. कोथरूडला तुमच्या चारही सोसायट्या जवळ असतील तर तुम्हाला गाडीचीही गरज नाही. यात एक नियम मात्र कडक पाळा: घरमालकांनी चहाखेरीज काहीही करायचं नाही. पहिल्या वर्षी एका ताईंनी प्रेमाने साबुदाणा वडे केले, दुसऱ्या घरी इडल्या झाल्या, तिसऱ्यांना वाटलं आपण मागे पडलो. पुढच्या वर्षी घर द्यायला कुणी तयार होईना. चहाचा नियम केला आणि आता आधीच नावं येतात. आणखी एक, घर देणाऱ्याला सांगायचं की बाग आवरून ठेवू नका. मेलेलं झाड, फसलेला वाफा तसाच दाखवा. आमच्याकडे एका काकांनी गच्चीवर मोठे वाफे करून मातीने भरले होते आणि खालच्या घरात ओल उतरली होती. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, हा आकडा आम्हाला सगळ्यांना त्या गच्चीवर, तो ओलीचा डाग बघून पाठ झाला.

शहरातली ठिकाणंही कमी नाहीत, पण जाताना हातात एक काम हवं. एम्प्रेस गार्डनला आम्ही जुने वृक्ष बघायला जातो तेव्हा प्रत्येक दोघांनी एक झाड निवडायचं आणि पुढच्या बैठकीत त्याबद्दल पाच मिनिटं सांगायचं. गणेशखिंडीची बाग १८७३ सालची, २०२० साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे संशोधन केंद्र आहे, म्हणून आधी पत्र देऊन परवानगी घ्यावी लागते. ज्येष्ठांसाठी सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान सोयीचं. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथे आम्ही एका छाटणी जाणणाऱ्या मित्राला बरोबर नेलं आणि झाडांना गोल आकार कसा देतात, कोणती फांदी काढतात, कोणती ठेवतात, हे बघत चाललो. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला निघून बहावा बघत फिरणं यालाही काही खर्च नाही. सार्वजनिक बागेत काडी तोडायची नाही, हे मात्र दर वेळी निघण्याआधी मोठ्याने सांगा. चांगली सुशिक्षित माणसंही “एकच काडी” म्हणून हात घालतात आणि पुढच्या वेळी गटाला परवानगी मिळत नाही.

रोपवाटिकेची सहल तुमची जशी झाली तशी सगळ्यांची होते. आमचा तोडगा असा: उतरल्यावर पहिला तास पैसे खिशात. मालक किंवा तिथला माणूस आपल्याला माती कशी मिसळतात, गुटी कशी बांधतात (म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं कशी फुटवतात), रोपं उन्हाला कशी सरावतात ते दाखवतो. मग ४५ मिनिटं खरेदी, माणशी दोन रोपं, कारण गाडीत जागा तेवढीच. निघायची वेळ कागदावर लिहून सगळ्यांना दिलेली असते. आणि घरी गेल्यावर नवी रोपं १५ दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवायची, म्हणजे त्यांच्याबरोबर आलेली कीड वेळीच दिसते.

लांबची सहल वर्षातून एकच ठेवा. आमची बहुतेकदा सप्टेंबरमध्ये कासला असते. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कास आहे, त्यामुळे गर्दी लोटते. आठवड्यातला दिवस धरा आणि प्रवेशाचं आधी ऑनलाइन आरक्षण करा. फुलांची तारीख पाऊस ठरवतो, म्हणून जूनमध्येच तारीख जाहीर करू नका, दोन पर्याय धरून ठेवा. जाण्याआधीच्या बैठकीत एवढं मात्र समजावून सांगा की तिथली रोपं घरी का आणता येत नाहीत. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, त्यात अन्नद्रव्यं नाममात्र, पावसात सगळं चिंब आणि नंतर कोरडं ठणठणीत. दवबिंदू आणि सीतेची आसवं ही झाडं म्हणूनच किडे पकडून नत्राची गरज भागवतात. आपल्या कुंडीतल्या खताच्या मातीत ती टिकायची नाहीत. हे ऐकून गेलेला माणूस तिथे गुडघ्यावर बसून बघतो आणि पाय कुठे ठेवायचा हे जपतो.

गळतीचा उपाय साधा आहे. पैसे नाव देतानाच घ्यायचे, आणि रद्द केलं तर आपल्या जागी दुसरा माणूस ज्याचा त्याने द्यायचा. गाडी ठरवायची ती पैसे आलेल्या माणसांच्या संख्येवर, “नक्की येतो” म्हणणाऱ्यांच्या नाही. आम्ही पन्नासची बस सोडून १७ आसनी गाडीवर आलो. सतरा माणसं दिवसभरात एकमेकांना नावाने ओळखू लागतात. कोण कुणाशेजारी बसतं याकडेही मी लक्ष देते. नव्या सभासदाला जुन्याशेजारी बसवते आणि जुन्याला आधीच सांगून ठेवते की ह्यांच्या कुंड्यांबद्दल विचारा. एकटी राहणारी, नुकतीच पुण्यात आलेली माणसं आपल्या गटांत बरीच असतात. त्यांना परत यावंसं वाटतं ते या गप्पांमुळे. म्हणून बैठकीनंतरचा चहा कधीही घाईत उरकू नका. हॉल अर्धा तास जास्त घ्या आणि खुर्च्या गोलात लावा.

एक जोडणी मी अलीकडे शिकले, ती तुम्ही सुरुवातीपासून करा: व्याख्यान आणि सहल एकमेकांना बांधून टाका. जानेवारीच्या शेवटी, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं. आम्ही नुसतं बघायला जात नाही, गुलाब घेऊन जातो. छाटणीपासून फुलापर्यंत पुण्याच्या थंडीत साधारण ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणजे प्रदर्शनासाठी धरायच्या फांद्यांची हलकी छाटणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. मुख्य छाटणी त्याआधी, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये. अशा रीतीने ऑक्टोबरची बैठक, डिसेंबरची बैठक आणि जानेवारीची सहल यांना एकच धागा मिळतो आणि सभासदाला मधली बैठक चुकवावीशी वाटत नाही.

तुम्ही आत्ता, सप्टेंबरमध्ये लिहिताय, तर वेळ नेमकी आहे. ऑक्टोबरला हॉल आणि वक्ता दोन्ही नकोत. ज्यांच्या गच्चीवर गुलाबाच्या आठ-दहा कुंड्या आहेत अशा एका सभासदाला विचारा आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला तिथे जमा. छाटणी येणारा एक माणूस बोलवा, सोसायटीचे माळीकाका चालतील. पहिली कुंडी त्यांनी करून दाखवायची: वाळकी आणि आत वळलेली फांदी काढायची, मग बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. उरलेल्या कुंड्या सभासदांनी दोघा-दोघांनी करायच्या. निमंत्रणात एवढंच लिहा की कात्री आणा, घरच्या एका सतावणाऱ्या झाडाची बंद पिशवी आणा. स्पिरिटची बाटली आणि कापूस तुम्ही न्या, दर कुंडीनंतर कात्री पुसायची आहे. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट आदल्या दिवशी कालवू नका, तिथेच प्लास्टिकच्या भांड्यात सगळ्यांसमोर करा. कापातून बुरशी शिरू नये म्हणून ती जाड काप झाले की लगेच लावायची आहे, आणि ती कशी करतात हे बघायला माणसं जवळ येतील.